आगीचा उगम कसा शोधला जातो?

तमिळनाडूच्या तंजावर जिल्ह्यातील कुंभकोणम येथे १६ जुलै २००४ रोजी शाळेला लागलेल्या आगीत ९४ बालकांचा मृत्यू झाला. माध्यान्ह भोजनाच्या स्वयंपाकघरातील चुलीमुळे तेथील झावळ्यांच्या छपराने पेट घेतला आणि ज्वाळा वरच्या मजल्यावरील, तशाच झावळ्यांनी शाकारलेल्या वर्गांपर्यंत पोहोचल्या.

आग लागण्यास ज्वलनशील पदार्थ, प्राणवायू आणि उष्णता एकत्र यावी लागते. पहिल्या दोन गोष्टी जवळपास सर्वत्र असतात. त्यामुळे उष्णता कोठून आली, हाच तपासाचा मुख्य प्रश्न ठरतो. त्यासाठी आधी उगमस्थान निश्चित करावे लागते. ज्वाळा वर आणि बाजूंना पसरतात, म्हणून भिंतीवर खाली निमुळती व वर रुंद होत जाणारी जळाल्याची खूण उमटते. तिचे खालचे टोक बहुधा उगमाकडे निर्देश करते. मात्र संपूर्ण खोली एकाच वेळी पेटली, तर या खुणा पुसट होतात.

शाकारलेले छप्पर ही तपासनीसांची मोठीच अडचण. ते जळत खाली कोसळते, जागोजागी नव्या आगी लावते आणि मूळ खुणा झाकून टाकते. अशा वेळी प्रथम धूर कोणी व कोठे पाहिला, ही साक्ष मोलाची ठरते. खुद्द तंजावरमध्ये ७ जून १९९७ रोजी बृहदीश्वर मंदिराच्या कुंभाभिषेक सोहळ्यात यज्ञशाळेचा असाच मंडप पेटून चाळीसहून अधिक भाविक मृत्युमुखी पडले होते.

आपल्याकडे आग विझण्यापूर्वीच 'शॉर्ट सर्किट' हे कारण जाहीर होते. विजेच्या ठिणगीने तांब्याच्या तारेच्या टोकाला वितळलेला गुळगुळीत मणी तयार होतो, हे खरे. परंतु आगीत तारेवरील आवरण जळाल्यानेही शॉर्ट सर्किट होते. केवळ मणी सापडला म्हणून कारण सिद्ध होत नाही. पेट्रोल वा रॉकेलचा संशय असल्यास राखेचे नमुने हवाबंद डब्यांतून न्यायसहायक प्रयोगशाळेत पाठवले जातात.

कुंभकोणममध्ये चुलीने आगीचा प्रारंभ उलगडला, इतक्या मृत्यूंचा नव्हे. त्यासाठी ज्वलनशील छप्पर, अरुंद जिना आणि कोंदट वर्ग यांची चौकशी करावी लागली. हे काम न्यायमूर्ती के. संपत आयोगाकडे होते. जुलै २०१४ मध्ये तंजावरच्या न्यायालयाने दहा जणांना दोषी ठरवले. त्यांत संस्थाचालक व स्वयंपाकी यांच्यासह शिक्षण खात्यातील कर्मचारी आणि एक अभियंताही होता. २०१७ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने संस्थाचालकाची जन्मठेप कमी केली व काहींना दोषमुक्त केले.