पिंपरीचं इंजेक्शन आणि कानातल्या पेशी

पिंपरीत राहणाऱ्याला 'एचए'चं मैदान माहीत नाही असं होणार नाही. पण एचए म्हणजे काय? हिंदुस्थान अँटिबायोटिक्स. टेल्को, बजाज यायच्याही आधी, १९५४ साली, जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीने उभा राहिलेला सरकारी कारखाना. आधी पेनिसिलिन, मग साठच्या दशकात स्ट्रेप्टोमायसिन. म्हणजे क्षयावरचं पहिलं खरं औषध.

हे औषध अमेरिकेत १९४३ साली सापडलं, १९५२ साली वाक्समनना त्याबद्दल नोबेल मिळालं. पण सुरुवातीच्या रुग्णांपासूनच डॉक्टरांना एक गोष्ट दिसत होती: क्षय बरा होतोय, पण माणसाला गरगरतंय. मग १९४६ साली रेणूत थोडा बदल करून डायहायड्रोस्ट्रेप्टोमायसिन काढलं. चक्कर कमी झाली, पण लोक चक्क बहिरे व्हायला लागले, काही तर इंजेक्शन बंद झाल्यावर महिन्यांनी! आमच्या भाषेत, एक बग सोडवताना दुसरा, त्याहून वाईट. शेवटी ते सोडून द्यावं लागलं. त्याच कुळातलं कानामायसिन हट्टी क्षयासाठी वापरू नका, असं जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलं ते २०१९ साली.

कारण एकच. आतल्या कानात ध्वनी टिपणाऱ्या बारीक केसाळ पेशी असतात. त्या मेल्या की माणसात परत उगवत नाहीत. आणि गंमत (खरं तर गंमत कसली!) अशी की चाकणच्या प्रेस शॉपमधला दणदणाट याच पेशी मारतो. म्हणून तर गोंगाटाने आलेला बहिरेपणा कायद्यात नोंद करण्याच्या आजारांच्या यादीत आहे.

दोन्हीकडे आधी जातात ते उंच पट्टीचे आवाज. बोलणं ऐकू येत राहतं, म्हणून माणूस निवांत असतो. तेव्हा दुखायची वाट बघू नका, हे दुखत नाही. शिफ्टनंतर कानात कुंईऽऽ वाजत राहतं, गर्दीत शब्द कळत नाहीत, घरचे टीव्ही बारीक करा म्हणतात, किंवा क्षयाची इंजेक्शनं चालू असताना तोल जातो: कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे जाऊन ऑडिओग्राम काढा. इंजेक्शनवाल्यांनी आपल्या क्षयाच्या डॉक्टरांनाही लगेच सांगावं, मनाने औषध बंद करू नये. आणि एका कानाने अचानक ऐकू येईनासं झालं तर मळ असेल म्हणून थांबू नका. त्याच दिवशी जा. स्टिरॉइडचा उपयोग व्हायचा तर तो पहिल्या काही दिवसांतच.

त्या इंजेक्शनाने असंख्य जीव वाचवले, हेही तितकंच खरं. कानाची किंमत मात्र वेळीच विचारलेली बरी.