‘अ‍ॅस्टॉनिश’च्या पोटातला गडगडाट

बृहदारण्यक उपनिषदाच्या पाचव्या अध्यायात प्रजापती देव, मनुष्य आणि असुर या तिघांनाही एकच अक्षर सांगतो, ‘द’. ज्याने त्याने आपापला अर्थ घ्यावा. तोच ‘द, द, द’ आकाशातून आजही ऐकू येतो, असे पुढे म्हटले आहे. तिथे मेघगर्जनेसाठी ‘स्तनयित्नु’ हा शब्द आला आहे. चकित करणे या अर्थाचा इंग्रजी ‘अ‍ॅस्टॉनिश’ याच्याच कुळातला, हे कळले तेव्हापासून मी त्या शब्दाच्या मागे लागलो.

संस्कृत ‘स्तन्’ धातू म्हणजे गर्जणे. लॅटिनमध्ये त्याचा भाऊबंद ‘तोनारे’. त्याला ‘एक्स’ हा उपसर्ग लागून ‘एक्सतोनारे’, पुढे जुन्या फ्रेंचमध्ये ‘एस्तोनेर’, आणि तिथून तो इंग्रजीत आला. म्हणजे मूळ अर्थ चकित होण्याचा नव्हेच. गडगडाटाने बधिर होण्याचा. शेक्सपिअरच्या ‘हेन्री द फिफ्थ’मध्ये फ्लुएलेन पिस्टलला बडवतो, तेव्हा गॉवर हाच शब्द वापरून त्याला थांबवतो. तिथे आश्चर्याचा मागमूस नाही, मार खाऊन आलेली सुन्नता आहे.

अडचण एकच. ‘एक्सतोनारे’ कोणत्याही लॅटिन ग्रंथात सापडत नाही; तो अभ्यासकांनी मागाहून रचलेला. सापडतो तो ‘अत्तोनितुस’, म्हणजे गर्जनेने हादरलेला. मग थेट त्यालाच बाप का मानू नये? कारण जुन्या फ्रेंचमधला आरंभीचा ‘एस’ ‘एक्स’पासून सहज येतो, ‘अत्’पासून नाही. हा पुरावा मला पुरेसा वाटतो.

शेवटचे ‘इश’ मात्र उसने आहे. ‘फिनिश’, ‘पनिश’ यांना ते फ्रेंच क्रियापदांच्या रूपांतून रीतसर मिळाले. ‘एस्तोनेर’ त्या गटातला नाही. सोळाव्या शतकात इंग्रजांनी ते इतरांच्या देखादेखी जोडले. त्याच काळात ‘अ‍ॅस्टोनी’ असेही एक रूप प्रचारात होते. त्यात ‘स्टोन’ ऐकू येतो, म्हणून दगड होणे अशी व्युत्पत्ती कुणी सांगितली तर ती कानाला पटते. पण दगडाचा या जन्माशी काही संबंध नाही.

खरा प्रतिस्पर्धी वेगळाच. ‘स्टन’, म्हणजे बधिर करणे, हे ‘एस्तोनेर’चेच आखूड रूप, असे एक मत. जुन्या इंग्रजीतल्या ‘स्तुनियन’पासून, म्हणजे दणाणण्यापासून ते आले, असे दुसरे. मला हा वाद फार मोठा वाटत नाही, कारण ‘स्तुनियन’लाही त्याच ‘स्तन्’च्या कुळात बसवतात. फ्रान्समार्गे या नाहीतर थेट या, घर एकच. इंग्रजी ‘थंडर’ही त्याच घरचा, आणि ज्याच्या नावाने ‘थर्सडे’ आला तो गर्जनेचा देव थॉरही.