एअरगनचे छर्रे निवडायची घरगुती काचपाटी : कशी बनवायची, कशी वापरायची?

वडनेर (ता. हिंगणघाट) : नेमबाजी हा आता फक्त मोठ्या शहरातल्या पोरांचा खेळ राहिलेला नाही. १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक जिंकणारा स्वप्नील कुसाळे कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडी या लहान गावचा. २०२२ मध्ये कैरोला १० मीटर एअर रायफलचा जगज्जेता झालेला रुद्रांक्ष पाटील ठाण्याचा. हे पाहून आपल्या भागातली पोरंपोरीही एअर रायफल हातात घेऊ लागली आहेत. अडचण येते ती खर्चाची. रायफल एकदाच घ्यावी लागते, छर्रे मात्र रोज लागतात. स्पर्धेचे चांगले छर्रे महाग, आणि स्वस्त डबीत सगळेच छर्रे सारखे निघत नाहीत.

आपण बियाण्याचं सोयाबीन जसं निवडून घेतो, तसेच छर्रेही निवडता येतात. त्यासाठीचं साधन घरी कसं बनवायचं ते इथे सांगतो.

एवढ्याशा फरकाने काय होतं?

१० मीटर एअर रायफलचा छर्रा ४.५ मिमीचा असतो. त्याचं वजन साधारण अर्धा ग्रॅम. टार्गेटवरचा दहाचा ठिपका फक्त ०.५ मिमीचा, म्हणजे छर्रा ठिपक्याच्या नऊपट रुंद. दोन रिंगांमधलं अंतर २.५ मिमी असतं आणि गुण दशांशात मोजतात. म्हणजे नेम ०.२५ मिमी सरकला की ०.१ गुण गेला. एका डावात ६० शॉट असतात. प्रत्येक शॉटमागे ०.१ गेला तर ६ गुण गेले. स्पर्धेत तेवढ्यात नंबर कुठल्या कुठे जातो.

छर्ऱ्याचे तीन भाग असतात. पुढे चपटं डोकं, मधे बारीक कंबर आणि मागे पोकळ घेर. घेर डोक्यापेक्षा किंचित मोठा असतो. डोकं नळीच्या आट्यांवर टेकतं आणि घेर हवा अडवतो. यातलं एकही कमीजास्त झालं तर छर्रा नळीतून वेगळ्या तऱ्हेने निघतो.

काचपाटीचं तत्त्व

सोयाबीन निवडायचा पत्र्याचा गोल घसरगुंडीसारखा स्पायरल बऱ्याच जणांनी पाहिला असेल. गोल दाणा जोरात घरंगळून बाहेरच्या बाजूला जातो, फुटका आणि चपटा दाणा आतल्या बाजूने हळू उतरतो. चाळणी न लावता, घरंगळण्यावरूनच माल वेगळा होतो. छर्ऱ्यालाही हेच लागू पडतं.

छर्ऱ्याचं एक टोक लहान आणि एक मोठं. त्यामुळे तो काचेवर सरळ घरंगळत नाही, डोक्याच्या बाजूला वळतो. चहाचा निमुळता ग्लास आडवा करून ढकलला की वळतो, तसाच. डोकं आणि घेर यांच्यात फरक जास्त असेल तर वळण तंग, फरक कमी असेल तर वळण मोठं.

आता हिशोब पाहा. समजा घेर ४.७० मिमी, डोकं ४.५० मिमी आणि दोन्ही कडांमधलं अंतर ५ मिमी आहे. अशा छर्ऱ्याच्या वळणाची त्रिज्या सुमारे ११७ मिमी येते. डोकं ४.५२ मिमी असेल तर तीच त्रिज्या सुमारे १३० मिमी होते. असे दोन छर्रे काचेवर १० सेंमी खाली उतरेपर्यंत एकमेकांपासून सुमारे ९ मिमी बाजूला पडतात. डोळ्याला न दिसणारा ०.०२ मिमीचा फरक असा बोटभर रुंदीचा होऊन समोर येतो.

सामान

- साधी सपाट काच, ५ मिमी जाड, ३० सेंमी रुंद आणि २० सेंमी लांब. कडा दुकानातूनच घासून आणा.
- त्याहून थोडी मोठी प्लायवूडची फळी
- तीन लांब बोल्ट आणि नट
- स्टीलची ३० सेंमी पट्टी
- जाड पुठ्ठा, मखमली किंवा जुन्या ब्लँकेटचं कापड
- प्लॅस्टिकचा चिमटा
- पाणसळ. नसेल तर मोबाईलमधलं पातळी मोजायचं ॲप चालतं.

जोडणी

१. फळीला खालून तीन बोल्ट पायांसारखे बसवा. दोन वरच्या कोपऱ्यांना, एक खालच्या बाजूला मधोमध. फळीवर काच पक्की ठेवा. काचेची खालची कड फळीच्या थोडी बाहेर येऊ द्या.

२. वरची बाजू साधारण एक ते दीड सेंमी उचला. ढाळ जास्त झाला तर छर्रा घसरतो, कमी झाला तर अडतो. डावी-उजवी पातळी मात्र एकदम सारखी हवी. ती वरच्या दोन बोल्टांनी जुळवा.

३. काचेच्या खालच्या कडेपासून १० सेंमी वर आडवी रेघ मारा. ही सुटण्याची रेघ. पट्टी दरवेळी त्याच जागी बसावी म्हणून डाव्या टोकाला पुठ्ठ्याचा लहान अडथळा चिकटवा.

४. खालच्या कडेला पुठ्ठ्याचे एक-एक सेंमी रुंदीचे सात-आठ खाने करा. तळाला कापड घाला. शिसं मऊ असतं, कडक जागी पडलं तर घेर दबतो. खान्यांना नंबर द्या.

वापर

पट्टी रेघेवर आडवी धरा. छर्रा पट्टीच्या वरच्या अंगाला आडवा टेकवा. डोकं नेहमी उजवीकडे, आणि पट्टीवरच्या ठरलेल्या खुणेपाशी. मग पट्टी सरळ वर उचला. छर्रा वळण घेत एका खान्यात जाईल. ढकलू नका, फुंकर मारू नका. पंखा बंद ठेवा.

काम सुरू करण्याआधी पाटीची परीक्षा घ्या. एकच छर्रा दहा वेळा सोडा. तो दहाही वेळा एकाच खान्यात, फार तर शेजारच्या खान्यात पडला पाहिजे. इकडे तिकडे पडत असेल तर काच ओल्या फडक्याने पुसा, पातळी पुन्हा पाहा. ही परीक्षा पास झाल्याशिवाय निवड करण्यात अर्थ नाही.

पाटी काय सांगत नाही

काचपाटी डोक्याचं माप देत नाही. ती फक्त डोकं आणि घेर यांच्यातला फरक दाखवते. दोन्ही सारखेच मोठे असलेला छर्रा चांगल्या छर्ऱ्याच्याच खान्यात जाऊ शकतो. म्हणून तीन पायऱ्यांनी निवडा :

- आधी नजर : घेर दबलेला, कड तुटलेली, वर शिशाची कोर असलेला छर्रा बाजूला काढा. स्वस्त डबीत सगळ्यात जास्त फायदा इथेच होतो.
- मग काचपाटी : ज्या खान्यात सगळ्यात जास्त छर्रे पडतात तो आणि त्याचा शेजारी ठेवा. कडेच्या खान्यांतले सरावाला वापरा.
- शेवटी वजन : ०.००१ ग्रॅम दाखवणारा लहान काटा असेल तर ०.००५ ग्रॅमच्या फरकाने गट करा. दर वीस छर्ऱ्यांनंतर काटा शून्यावर येतो का ते पाहा.

एका छर्ऱ्याला अर्धा मिनिट धरला तर ५०० च्या डबीला चार तासांवर वेळ जातो. पूर्ण डबी निवडायची गरज नाही. स्पर्धेचे ६० आणि नेम जुळवायचे मिळून शंभरेक छर्रे निवडले तरी पुरे.

खरंच फरक पडतो का, ते तपासा

रायफल वाळूच्या पिशवीवर पक्की टेकवा. १० मीटरवर निवडलेल्या छर्ऱ्यांचे पाच-पाच शॉटचे पाच गट मारा, न निवडलेल्यांचेही पाच. एक गट या छर्ऱ्यांचा, एक त्या, असं आलटून पालटून. प्रत्येक गटात सगळ्यात लांबच्या दोन भोकांच्या बाहेरच्या कडांमधलं अंतर मोजा, त्यातून ४.५ मिमी वजा करा आणि सरासरी काढा. फरक दिसला तर निवडत जा. स्पर्धेच्या दर्जाचे छर्रे कारखान्यातूनच बरेच सारखे येतात. तिथे फरक दिसला नाही तर तो वेळ सरावाला द्या. नेम धरायचं काम पाटी करत नाही.

शिशापासून जपा

छर्रे शिशाचे असतात. शिसं कितीही कमी पोटात गेलं तरी सुरक्षित नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. लहान मुलांच्या मेंदूला त्याचा सगळ्यात जास्त धोका. म्हणून छर्रे तोंडात धरू नका, ही सवय फार जणांना असते. स्वयंपाकघरात हे काम करू नका, घरातली वाटी-ताटली वापरू नका. काच कोरड्या कपड्याने झटकू नका, ओल्याने पुसा. काम झालं की साबणाने हात धुवा, मगच काही खा.

कायद्याचं

शस्त्र नियम २०१६ प्रमाणे ४.५ मिमीपर्यंतच्या आणि २० ज्यूलपर्यंत ताकदीच्या एअरगनला परवाना लागत नाही. त्यापुढच्या गनला लागतो. विकत घेताना ओळखपत्र द्या, पक्कं बिल घ्या आणि शंका असेल तर आधी पोलीस ठाण्यात विचारा. स्प्रिंग बदलून ताकद वाढवायच्या भानगडीत पडू नका.

रानडुक्कर, माकड, मोर वावरात नुकसान करतात, हे सगळ्यांनाच माहीत आहे. पण त्यांच्यावर एअरगन चालवणं हा वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ खाली गुन्हा ठरू शकतो. पिकाचं नुकसान झालं तर वन विभागाकडे अर्ज करून पंचनामा करून घ्या.

सराव करताना मागे मातीचा भक्कम बांध किंवा छर्रे अडवणारी पेटी हवी. डोळ्याला चष्मा हवा आणि लहान पोरांसोबत मोठं माणूस हवंच. अर्ध्या ग्रॅमचा छर्रा असला तरी डोळा कायमचा घालवायला तेवढा पुरतो.