दवाखान्याची पाटी आणि बेळ्ळंदूरचे स्पेलिंग

दाताच्या दवाखान्याच्या संकेतस्थळाचे नाव, म्हणजे डोमेन नेम, ही त्या दवाखान्याची दुसरी पाटी. पहिली पाटी भिंतीवर लागते आणि तिच्यामागे बराच जुना इतिहास आहे. नियमन नव्हते तेव्हा पाटीवर काय लिहावे याला धरबंद नव्हता. कोलकात्यापासून अनेक शहरांत चीनच्या हुपेह प्रांतातून आलेल्या घराण्यांनी दात बसवण्याचा धंदा केला, आणि त्यांच्या दारावर ‘चायनीज डेंटिस्ट’ एवढीच ओळख पुरत असे. 1948 च्या दंतवैद्यक कायद्याने नोंदणी आली. पदवीधर एका भागात आणि पदवी नसलेले, पण वर्षानुवर्षे याच कामावर पोट भरणारे, दुसऱ्या भागात अशी नोंदवहीची विभागणी झाली. 1976 च्या आचारसंहितेने पाटीलाही हात घातला. पाटीचा आकार, जागा आणि मजकूर दवाखाना कुठे आहे व दार कोणते हे सांगण्यापुरताच असावा, औषधाच्या दुकानावर किंवा जिथे दंतवैद्य काम करत नाही तिथे ती लावू नये, टूथपेस्टला आपले नाव वापरू देऊ नये. पाटीने पत्ता सांगायचा, गिऱ्हाईक ओढायचे नाही, असा त्या नियमांचा रोख होता. संकेतनाम निवडणाऱ्यालाही हीच कसोटी लावता येते, आणि ‘सर्वोत्तम’, ‘नंबर वन’ असली नावे तिथेच बाद होतात.

संकेतनामाची पद्धत दंतवैद्यकाच्या मानाने कोवळी. 1983 मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी ती आखली. त्याआधी जाळ्यावरच्या सर्व संगणकांची नावे एकाच यादीत असत आणि ती यादी स्टॅनफर्डच्या संशोधन संस्थेत हाताने सांभाळली जाई. नव्या पद्धतीत दोन ठिपक्यांमधल्या नावाला 63 अक्षरांची मर्यादा आली. रोमन अक्षरे, अंक आणि मधली आडवी रेघ एवढेच चालायचे, आणि लहान-मोठ्या अक्षरांत फरक धरला जात नसे. पहिले डॉट कॉम 1985 मध्ये नोंदले गेले. 1995 पर्यंत नोंदणीला पैसेही पडत नव्हते.

भारताला डॉट इन 1989 मध्ये मिळाले. त्याची नोंदणी बराच काळ मुंबईत जुहूच्या नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजीकडे होती. नियम कडक आणि कागदपत्रे फार, त्यामुळे डॉट को डॉट इन घेणे हा कंपन्यांचा मामला राहिला. एकट्या डॉक्टरने त्या वाटेला कशाला जावे? 2005 च्या आरंभी कारभार निक्सी या संस्थेकडे गेला आणि थेट डॉट इन सर्वांना खुले झाले. चौकातल्या दवाखान्याला देशी नाव परवडू लागले ते तेव्हापासून.

खुलेपणाबरोबर नक्कलही आली, पण न्यायालये तोवर सावध झाली होती. 1999 मध्ये रेडिफ या संकेतस्थळाच्या नावात एकच स्वर बदलून ‘रॅडिफ’ नोंदवणाऱ्याला मुंबई उच्च न्यायालयाने रोखले. सत्यम इन्फोवे या कंपनीचा खटला बेंगळुरूच्या दिवाणी न्यायालयात सुरू झाला: तिचे ‘सिफी’ विरुद्ध दुसऱ्याचे दोन ‘एफ’चे ‘सिफ्फी’. तिथला मनाईहुकूम कर्नाटक उच्च न्यायालयाने उठवला आणि सर्वोच्च न्यायालयाने 6 मे 2004 रोजी पुन्हा बसवला. संकेतनाम हा नुसता पत्ता नसून त्यालाही व्यापारचिन्हासारखे संरक्षण मिळते, असे त्या निकालाने ठरले. शेजारच्या दवाखान्याच्या नावात एक अक्षर घुसवून काम भागवू पाहणाऱ्याने हा निकाल वाचायला हवा.

आता बेळ्ळंदूर. बेंगळुरू शहरातल्या सर्वांत मोठ्या तळ्याकाठचे हे गाव 2007 पर्यंत ग्रामपंचायतीखाली होते आणि कारभार संगणकावर नेणारी पंचायत म्हणून तिचे नाव होते. मग बाह्य वर्तुळाकार रस्त्यावर संगणक कंपन्या आल्या, देशभरातून नोकरदार आले, त्यांच्यामागे दवाखाने आले. नवा रहिवासी दातांचा डॉक्टर शोधतो तो वस्तीचे नाव टाइप करून, म्हणून नावात गाव घालण्याचा मोह स्वाभाविक आहे. अडचण स्पेलिंगची. गावाच्या नावात कन्नड आणि मराठी दोघींना जवळचा असलेला ‘ळ्ळ’ आहे आणि रोमन लिपीत तो नुसता ‘एल’ होतो. शेवटी कुणी ‘यू आर’ लिहितो, कुणी ‘ओ ओ आर’, आणि कन्नड उच्चार पाळणारा पुढे आणखी एक ‘यू’ जोडतो. शहराचेही तेच. 1 नोव्हेंबर 2014 पासून सरकारी इंग्रजी कागदांवर बँगलोरचे बेंगळुरू झाले. (मराठी वाचकाला त्या दिवसाचे दुसरे नामांतर जास्त लागते: बेळगावचे ‘बेळगावी’.) जुन्या नावाची संकेतस्थळे मात्र राहिली, कारण लोक अजून दोन्ही टाइप करतात. शिवाय दवाखाना हरळूर किंवा सर्जापूर रस्त्याला हलला की गावाचे नाव खोटे पडते.

डॉक्टरचे आडनाव घेतले तर तेही दोन-तीन प्रकारे लिहिले जाते, लग्नानंतर बदलू शकते आणि दवाखाना विकला तर नव्या मालकाला अडचणीचे ठरते. ‘स्माइल’ जोडलेली नावे बहुधा आधीच गेलेली असतात. 2014 च्या सुमारास डॉट डेंटल आणि डॉट डेंटिस्ट ही नवी शेपटे आली, पण फोनवर नाव सांगितले की ऐकणारा सवयीने डॉट कॉमच जोडतो. त्यामुळे मधला मार्गच टिकाऊ दिसतो: उच्चारताच लिहिता येईल असा छोटा शब्द, पुढे ‘डेंटल’, आणि जमल्यास कॉम व इन दोन्ही.

‘ळ्ळ’ जसाच्या तसा लिहिण्याची सोयही उशिरा का होईना झाली. 27 ऑगस्ट 2014 रोजी देवनागरीतले डॉट भारत सुरू झाले, त्यात मराठीही होती. कन्नड लिपीची पाळी नंतर आली. आतून असे देशी लिपीतले नाव ‘एक्स एन’ने सुरू होणाऱ्या रोमन अक्षरांतच साठवले जाते. बेळ्ळंदूरच्या दवाखान्याला भिंतीवरच्या पाटीवर कर्नाटकच्या 2024 च्या दुरुस्त कायद्यानुसार 60 टक्के कन्नड लिहावे लागते. पडद्यावरच्या पाटीला तो हिशेब लागत नाही, आणि ती बहुतेक ठिकाणी रोमनमध्येच आहे.