सामायिक इलेक्ट्रॉनिक नोंदवही : मांडणी, अडचणी आणि उपाय

ऑगस्ट २००६ मध्ये तापी नदीच्या महापुराने सुरत शहराचा बहुतांश भाग पाण्याखाली गेला. शहरापासून सुमारे शंभर किलोमीटर वर असलेल्या उकाई धरणातून त्या दिवसांत सोडण्यात आलेला विसर्ग नऊ लाख क्युसेकच्या घरात पोहोचला होता. पूर ओसरल्यानंतर जो वाद सुरू झाला, त्याच्या मुळाशी प्रश्न नोंदींचा होता. जलाशयाची पातळी कोणत्या दिवशी किती होती, दरवाजे केव्हा व किती उघडले आणि खालच्या शहराला ते केव्हा कळले?

तापीचा प्रवास मध्य प्रदेशातील मुलताईपासून सुरू होतो. खानदेशात हतनूर धरण, पुढे सारंगखेडा व प्रकाशा येथील बॅरेज, मग गुजरातेत उकाई, काकरापार आणि शेवटी सुरत अशी ही साखळी आहे. तीन राज्ये आणि अनेक कार्यालये तिच्यात गुंतलेली आहेत, आणि पाणी मात्र एकच. आपल्या राज्याला हा अनुभव परका नाही. महाराष्ट्र व गोवा यांचा संयुक्त प्रकल्प असलेल्या तिळारी धरणातून पाणी सोडले की शापोरा नदीकाठच्या गावांची झोप उडते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पेडणे, डिचोली व बार्देश तालुक्यांनी ते पाहिले आहे. अशा ठिकाणी अनेक जणांनी मिळून चालवायची नोंदवही कशी उभारावी आणि ती अडली तर काय करावे, याची माहिती पुढे दिली आहे. धरणाचे उदाहरण केवळ नमुना म्हणून घेतले आहे. कोणत्याही धरणावरील चालू व्यवस्थेचे हे वर्णन नव्हे. प्रयोगशाळा, पाणीपुरवठा केंद्र, बंदर कार्यालय, कारखाना यांनाही हीच तत्त्वे लागू पडतात.

नोंदवही म्हणजे काय नव्हे

बहुतेक कार्यालयांत आज नोंदी दोन ठिकाणी होतात: एका सामायिक एक्सेल फाइलमध्ये आणि व्हॉट्सअॅपच्या गटावर. पहिलीत कोणीही कोणताही आकडा मागाहून बदलू शकतो. दुसऱ्यात तो आकडा शंभर ‘सुप्रभात’च्या संदेशांखाली गाडला जातो. खऱ्या नोंदवहीची कसोटी साधी आहे: प्रत्येक नोंदीला क्रमांक, लेखक व वेळ हवी, जुनी नोंद गुपचूप बदलता येऊ नये, आणि पाळी बदलली तरी वही तीच राहावी.

या कामासाठी फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरपैकी ‘इलॉग’ हे जुने व भरवशाचे आहे. स्वित्झर्लंडमधील पॉल शेरर इन्स्टिट्यूटचे श्टेफान रिट यांनी ते भौतिकशास्त्राच्या प्रयोगांसाठी लिहिले. ते एका संगणकावर सर्व्हर म्हणून चालते आणि इतर सर्व जण आपापल्या ब्राउझरमधून ते उघडतात. त्याला वेगळा डेटाबेस लागत नाही; नोंदी तारखेच्या नावाच्या साध्या मजकूर-फाइलींत साठतात. हा साधेपणा काहींना मागासलेपणा वाटतो. मला तो गुण वाटतो, कारण सॉफ्टवेअर बंद पडले तरी नोंद कोणत्याही साध्या एडिटरमध्ये वाचता येते.

मांडणी

सारी व्यवस्था एकाच संरचना-फाइलमध्ये लिहिली जाते. तिच्या आरंभीचा विभाग सर्व वह्यांना लागू असतो आणि त्याखाली प्रत्येक वहीचा स्वतंत्र विभाग येतो. धरण, बंधारा आणि शहराचे नियंत्रण कक्ष यांच्यासाठी तीन वेगळ्या वह्या करण्याचा मोह होतो. तो टाळावा. वही एकच ठेवून ‘ठिकाण’ हा रकाना द्यावा. म्हणजे वरच्या विसर्गाची नोंद आणि खालच्या पातळीची नोंद काळाच्या एकाच ओळीत दिसतात.

रकाने ठरवणे हा सर्वांत महत्त्वाचा भाग आहे आणि तो संगणकतज्ज्ञावर सोपवू नये. ठिकाण, नोंदीचा प्रकार, पातळी, विसर्ग, उघडे दरवाजे व कोणाला कळवले, एवढे पुरेसे होतात. ठिकाण व प्रकार हे हाताने लिहू न देता यादीतून निवडायला लावावेत. नाहीतर ‘हतनूर’, ‘हथनूर’ आणि ‘हतनुर’ ही तीन वेगळी धरणे होतात व शोध घेताना दोन हरवतात. पातळी व विसर्ग यांचे रकाने केवळ अंक स्वीकारणारे करावेत आणि ते अनिवार्य ठेवावेत.

एककांचा घोळ मात्र सॉफ्टवेअर पकडू शकत नाही. उकाईची पूर्ण जलाशय पातळी ३४५ फूट अशी सांगितली जाते, तर हतनूरची पातळी मीटरमध्ये. विसर्ग कुठे क्युसेकमध्ये तर कुठे सेकंदाला घनमीटरमध्ये लिहितात. एक घनमीटर म्हणजे सुमारे ३५.३ घनफूट, तेव्हा एकक चुकले तर आकडा पस्तीस पटींनी चुकतो. एक लाख क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २,८३२ घनमीटर. यासाठी एकक रकान्याच्या नावातच लिहावे: ‘पातळी, फूट’ किंवा ‘विसर्ग, क्युसेक’. कोणी दुसऱ्या एककात मोजत असेल तर त्याच्यासाठी दुसरा रकाना द्यावा, मनात गुणाकार करायला लावू नये.

वेळेच्या बाबतीत असाच काटेकोरपणा हवा. नोंद जतन होते तेव्हा सर्व्हर स्वतःच्या घड्याळाची वेळ उमटवतो. परंतु दरवाजा ३.१० वाजता उघडला आणि नोंद ३.४० ला झाली, असे नेहमीच घडते. म्हणून ‘घटनेची वेळ’ हा वेगळा रकाना असावा. दोन्ही वेळा शेजारी दिसल्या की विलंब आपोआप उघड होतो. चौकशीच्या वेळी हाच फरक सर्वांत बोलका ठरतो. सर्व्हरचे घड्याळ राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या प्रमाणवेळेशी इंटरनेटवरून जुळते ठेवावे.

आता वापरकर्ते. ‘कंट्रोलरूम’ या एकाच नावाने सगळी पाळी लॉगिन करते, हा आपल्याकडचा सर्वत्र आढळणारा दोष आहे. परवलीचा शब्द टेबलाच्या काचेखाली चिकटवलेला असतो. असे असेल तर नोंदीवरील लेखकाचे नाव निरर्थक होते. प्रत्येकाचे खाते स्वतंत्र असावे, लेखकाचे नाव खात्यावरून आपोआप भरले जावे आणि तो रकाना कुलूपबंद असावा. नवीन खाते कोणालाही स्वतः उघडता येऊ नये किंवा व्यवस्थापकाच्या संमतीनेच उघडता यावे. इलॉगमध्ये दोन्ही पर्याय आहेत. व्यवस्थापकाचे नाव संरचना-फाइलमध्ये स्पष्ट लिहावे, आणि एक नव्हे तर दोन नावे लिहावीत. एकुलता एक व्यवस्थापक चतुर्थीला गावी गेला की वही अडते.

दुरुस्तीचा नियम कागदी वहीचाच ठेवावा: चुकीच्या आकड्यावर एक रेघ, शेजारी बरोबर आकडा व सही. इलॉगमध्ये नोंद फक्त तिच्या लेखकालाच बदलता येईल असे बंधन घालता येते, आणि किती तासांनंतर तीही मुभा संपेल हेही ठरवता येते. धरणासाठी एक तास पुरे. त्यानंतरची दुरुस्ती मूळ नोंदीला जोडलेले उत्तर म्हणून लिहावी. नोंद पुसण्याचा अधिकार व्यवस्थापकाखेरीज कोणालाही देऊ नये. खरे तर त्यालाही त्याची गरज पडू नये.

नेहमीच्या अडचणी

सर्व्हर सुरूच होत नसेल तर बहुधा ८०८० हा त्याचा नेहमीचा पोर्ट दुसऱ्या एखाद्या प्रणालीने आधीच घेतलेला असतो. पोर्टचा क्रमांक बदलावा. सर्व्हर सुरू होतो, वही दिसते, पण नोंद जतन होत नाही, ही तक्रार अधिक फसवी आहे. पहिल्यांदा कोणीतरी प्रशासकाच्या अधिकाराने सर्व्हर चालवलेला असतो. त्या वेळी तयार झालेल्या फाइलींची मालकी प्रशासकाकडे राहते आणि नंतर साध्या खात्याने चालणाऱ्या सर्व्हरला त्यांत लिहिता येत नाही. नोंदींच्या फोल्डरची मालकी योग्य खात्याकडे दिली की प्रश्न सुटतो.

कार्यालयात वही चालते, परंतु बाहेरून लॉगिन केल्यावर पान भलत्याच पत्त्यावर जाते किंवा पुन्हा पुन्हा लॉगिनच मागते. याचे कारण असे की मध्ये दुसरा वेब-सर्व्हर उभा असतो आणि इलॉगला स्वतःचा बाहेरचा पत्ता ठाऊक नसतो. तो पत्ता संरचना-फाइलमध्ये पूर्ण लिहून द्यावा. बाहेरून वापर असेल तर संपर्क सांकेतिक करणे आवश्यक आहे. नाहीतर परवलीचे शब्द उघड्यावर प्रवास करतात.

मोजपट्टीचे छायाचित्र चढत नाही, ही पावसाळ्यातली हमखास तक्रार. इलॉगला जोडपत्राच्या आकाराची मर्यादा असते आणि मधल्या वेब-सर्व्हरचीही वेगळी असते. एन्जिनएक्स असेल तर ती मुळात अवघी एक मेगाबाइट आहे. मोबाइलचे छायाचित्र त्याच्या कितीतरी पट मोठे असते. दोन्ही मर्यादा वाढवाव्या लागतात. एकच वाढवून लोक दिवसभर डोके धरून बसतात.

मराठी वा गुजराती मजकुराच्या जागी प्रश्नचिन्हे दिसत असतील तर अक्षरसंच यूटीएफ-८ असा ठरवावा. हे पहिल्याच दिवशी करावे, कारण आधी बिघडलेल्या नोंदी नंतर सुधारत नाहीत. एका नोंदीवर दोघे जण एकाच वेळी काम करू लागले तर दुसऱ्याचे बदल पहिल्याचे पुसून टाकतात. यासाठी कुलूप लावण्याची सोय सुरू करावी. मग कधी कोणी ब्राउझर तसाच बंद करून जातो आणि कुलूप मागे राहते. अशा वेळी त्या व्यक्तीला विचारूनच ते ओलांडावे. संरचना-फाइल हाताने बदलली आणि परिणाम दिसत नसेल, तर सर्व्हरला ती पुन्हा वाचायला लावावी किंवा तो बंद करून सुरू करावा.

पाण्यापासून दूर

२००६ मध्ये सुरतेत तळमजले बुडाले. सर्व्हर तळमजल्यावर असणे म्हणजे पूर येताच पुराची वही हरवणे. तो वरच्या मजल्यावर, यूपीएसवर हवा आणि त्याची प्रत दुसऱ्या गावी हवी. इलॉगमध्ये दुसऱ्या सर्व्हरशी नोंदी जुळवून घेण्याची सोय आहे. एकच नोंद दोन्हीकडे बदललेली आढळली तर ते परस्पर निर्णय न घेता तसे दाखवून देते. सतराव्या शतकात सुरतेच्या इंग्रज वखारीतील कामकाजाच्या नोंदींच्या नकला लंडनला जात असत. त्या काळचा इतिहास आज वाचता येतो तो पुष्कळ अंशी त्यामुळेच. प्रत आहे एवढ्यावर समाधान मानू नये. वर्षातून एकदा, मेअखेरीस, रिकाम्या संगणकावर त्या प्रतीतून वही उभी करून पाहावी.

वीज व जाळे दोन्ही गेले तर कागदावर परतावे. त्यासाठी त्याच रकान्यांची छापील पाने नियंत्रण कक्षात असावीत. नंतर त्या नोंदी संगणकात भरताना ‘उशिरा भरलेली’ अशी खूण करावी आणि कागदाचे छायाचित्र जोडावे.

२०२१ च्या धरण सुरक्षा कायद्याने राज्य धरण सुरक्षा संघटनेवर प्रत्येक निर्दिष्ट धरणाची नोंदवही वा माहितीसंच ठेवण्याची जबाबदारी टाकली आहे. देखरेख, तपासणी व सर्व महत्त्वाच्या घटना त्यात यायला हव्यात. न्यायालयात इलेक्ट्रॉनिक नोंद मांडायची असल्यास १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र लागते आणि त्यात नोंदीचे हॅश मूल्यही द्यावे लागते. दररोज मध्यरात्री त्या दिवसाच्या फाइलीचे हॅश मूल्य काढून ते दुसऱ्या कार्यालयाला ईमेलने पाठवण्याची आज्ञावली दोन-चार ओळींत लिहिता येते. मग मागाहून एखादा आकडा बदललाच, तर तो दोन्ही कार्यालयांच्या संगनमताशिवाय लपणार नाही.