खेळ लोकप्रिय कसे होतात? अमेरिकेतील बेसबॉल आणि फुटबॉल: अभ्यासविषयाची प्रस्तावना

एखादा खेळ एखाद्या देशात का रुजतो, शंभर वर्षे का टिकतो आणि मग त्याची पकड सैल का होते, ही चर्चा वर्तमानपत्राच्या क्रीडापानावर चालते. उत्तरे मात्र बहुतेक वेळा दुसरीकडे सापडतात: जनगणनेच्या तक्त्यांत, शाळांच्या अंदाजपत्रकांत, खेळाडू आणि मालक यांच्यातील करारांत, दूरचित्रवाणीच्या हक्कांत, स्थलांतराच्या कायद्यांत. या विखुरलेल्या साधनांना एकत्र आणून खेळाकडे एक सामाजिक संस्था म्हणून पाहणारा अभ्यास गेल्या अर्धशतकात जगभर वाढला आहे. मराठीत खेळाडूंची चरित्रे आहेत, सामन्यांची रसाळ वर्णने आहेत. खेळ आणि समाज यांच्या नात्याची शिस्तशीर चिकित्सा मात्र अजून थोडी आहे. या क्षेत्रात नव्याने येणाऱ्या वाचकाचे स्वागत करण्यासाठी ही प्रस्तावना लिहिली आहे.

त्यासाठी एकच उदाहरण तपशिलाने घेतले आहे: अमेरिकेत बेसबॉलचे चाहते कमी होत असताना फुटबॉलचे का वाढत आहेत? येथे फुटबॉल म्हणजे अमेरिकन लोक ज्याला सॉकर म्हणतात तो, आपल्या ओळखीचा खेळ. हेल्मेट घालून खेळल्या जाणाऱ्या त्यांच्या खेळाला येथे ‘अमेरिकन फुटबॉल’ म्हटले आहे.

पहिला धडा आकड्यांचा. गॅलप ही संस्था अमेरिकनांना त्यांचा सर्वांत आवडता खेळ १९३७ पासून विचारत आली आहे. १९४८ मध्ये ३९ टक्के लोकांनी बेसबॉलचे नाव घेतले होते. १९७२ मध्ये अमेरिकन फुटबॉलने त्याला मागे टाकले. २०१७ मध्ये बेसबॉल ९ टक्क्यांवर होता आणि फुटबॉल ७ टक्क्यांवर. एवढ्यावरून निकाल स्पष्ट वाटतो. पण दुसरे आकडे पाहा. मेजर लीग बेसबॉलच्या मैदानांवर २००७ च्या हंगामात सुमारे ७ कोटी ९५ लाख तिकिटांची नोंद झाली, तो आजवरचा उच्चांक आहे. २०२३ आणि २०२४ मध्येही हा आकडा सात कोटींच्या वर होता. प्रत्येक संघ हंगामात १६२ सामने खेळतो, त्यामुळे एवढी गर्दी शक्य होते. म्हणजे मैदाने ओस पडलेली नाहीत. बेसबॉलने गमावले आहे ते साऱ्या देशाचे एकाच वेळी लागलेले लक्ष. १९७८ ची वर्ल्ड सिरीज, म्हणजे मेजर लीगची अंतिम मालिका, दर सामन्याला सरासरी चार कोटींहून अधिक प्रेक्षकांनी पाहिली; २०२३ मध्ये ही सरासरी ९१ लाखांच्या आसपास उतरली. आपल्या शहराच्या संघावर जीव टाकणारा प्रेक्षक टिकला, दुसऱ्या दोन शहरांचा अंतिम सामना पाहायला बसणारा प्रेक्षक गेला.

याच आकड्यांतून आणखी एक गोष्ट कळते. बेसबॉलची गादी घेतली ती अमेरिकन फुटबॉलने. फुटबॉल वाढला तो त्याच काळात, पण बऱ्याच अंशी वेगळ्या घरांत आणि वेगळ्या कारणांनी. एका खेळाची घट आणि दुसऱ्याची वाढ एकाच तराजूच्या दोन पारड्यांसारखी मानू नये. दोन्हींची कारणे आधी स्वतंत्रपणे शोधावीत आणि मग ती कुठे जुळतात ते पाहावे.

बेसबॉल राष्ट्रीय खेळ झाला, त्याचा इतिहास या शोधाचा पाया आहे. १८४४ मध्ये न्यूयॉर्कला अमेरिका आणि कॅनडा यांच्यात क्रिकेटचा सामना झाला. आंतरराष्ट्रीय क्रिकेटमधला तो पहिला सामना मानला जातो. म्हणजे तेथे क्रिकेट आधीपासून होते. बेसबॉलची धावफलक मांडण्याची पद्धत घडवणारा हेन्री चॅडविक हा इंग्लंडमध्ये जन्मलेला आणि क्रिकेटचे वार्तांकन करणारा पत्रकार होता. यादवी युद्धानंतर बेसबॉलने क्रिकेटला मागे टाकले. १८६९ मध्ये सिनसिनाटी रेड स्टॉकिंग्ज हा उघडपणे व्यावसायिक असा पहिला संघ उभा राहिला, १८७६ मध्ये नॅशनल लीग स्थापन झाली, १९०३ मध्ये पहिली वर्ल्ड सिरीज झाली. याच दशकांत युरोपातून लाखो स्थलांतरित येत होते. त्यांच्या मुलांना अमेरिकन होण्याचा एक मार्ग बेसबॉलमध्ये दिसला. इटलीहून आलेल्या कोळ्याचा मुलगा ज्यो डिमॅगियो आणि रुमानियातून आलेल्या ज्यू दांपत्याचा मुलगा हँक ग्रीनबर्ग हे त्या पिढीचे नायक होते.

फुटबॉलही तेव्हा अमेरिकेत होता. न्यू इंग्लंडमधल्या कापडगिरण्यांच्या गावांत आणि पेनसिल्व्हेनियातल्या पोलादनगरीत स्कॉटिश व इंग्लिश कामगार तो खेळत. १९२१ मध्ये सुरू झालेली अमेरिकन सॉकर लीग काही वर्षे चांगली चालली आणि १९३० च्या पहिल्या विश्वचषकात अमेरिकेने उपांत्य फेरी गाठली. पण संघटनांमधला वाद आणि पाठोपाठ आलेली महामंदी यांत ती लीग संपली. आंद्रेई मार्कोविट्स आणि स्टीव्हन हेलरमन यांनी ‘ऑफसाइड’ या २००१ च्या ग्रंथात असे मांडले की औद्योगिक समाज घडत असताना प्रत्येक देशात खेळासाठी मर्यादित जागा तयार होते. अमेरिकेत ती बेसबॉल, अमेरिकन फुटबॉल आणि नंतर बास्केटबॉलने व्यापली, आणि फुटबॉल ‘परक्यांचा खेळ’ म्हणून बाहेर राहिला. १९५० मध्ये ब्राझीलच्या बेलो होरिझोंते शहरात अमेरिकेने इंग्लंडला १-० ने हरवले, तरी मायदेशी त्याची फारशी दखल घेतली गेली नाही, ती यामुळेच.

ही जागा व्यापणाऱ्या खेळाने साऱ्यांना आत घेतले होते असे मात्र नाही. कृष्णवर्णीयांना मेजर लीगची दारे बंद होती. १५ एप्रिल १९४७ रोजी जॅकी रॉबिन्सन ब्रुकलिन डॉजर्सकडून मैदानात उतरला, तेव्हा ती उघडली. ज्यूल्स टायगिल यांच्या ‘बेसबॉल्स ग्रेट एक्स्परिमेंट’ या पुस्तकात हा इतिहास आहे, आणि मराठी वाचकाने तो रामचंद्र गुहा यांच्या ‘अ कॉर्नर ऑफ अ फॉरिन फील्ड’ सोबत वाचावा. पुण्यात गोऱ्यांच्या जिमखान्यात चाकरी करता करता गोलंदाज झालेले पळवणकर बाळू, आणि १९२३ मध्ये हिंदू संघाचे कर्णधार झालेले त्यांचे बंधू विठ्ठल, यांचा जातीच्या भिंतीशी झालेला झगडा त्यात आहे. दोन्ही पुस्तके एकच विचारतात: मैदानावर कोणाला येऊ दिले जाते? बेसबॉलच्या बाबतीत हा प्रश्न आज वेगळ्या रूपात परत आला आहे. १९८० च्या दशकाच्या आरंभी मेजर लीगमधले कृष्णवर्णीय अमेरिकन खेळाडू १८ टक्क्यांच्या घरात होते; अलीकडे ते ६ टक्क्यांच्या आसपास आहेत. २०२२ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये दोन्ही संघांत मिळून अमेरिकेत जन्मलेला एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता. १९५० नंतर असे प्रथमच घडले. खाजगी प्रशिक्षण, गावोगावी फिरणारे मुलांचे संघ आणि त्यांच्या भरमसाट फीमुळे हा खेळ सामान्य घरांतल्या मुलांच्या हातून निसटत गेला.

फुटबॉलच्या वाढीची सुरुवात १९६५ च्या स्थलांतर कायद्यापासून पाहावी लागते. देशवार कोट्याची पद्धत त्याने मोडली आणि येणाऱ्यांचे देश बदलले. २०२० च्या जनगणनेत हिस्पॅनिक लोकसंख्या ६ कोटी २१ लाख, म्हणजे १८.७ टक्के होती. डिमॅगियोच्या पिढीने आईवडिलांचा खेळ मागे टाकला. या पिढीला तशी गरज उरली नाही. उपग्रह वाहिन्या आणि स्पॅनिश प्रसारणामुळे मेक्सिकोची फुटबॉल लीग त्यांच्या दिवाणखान्यात आली. अर्थात, इथे घाईने निष्कर्ष काढू नये. डोमिनिकन प्रजासत्ताक, प्वेर्तो रिको, क्युबा आणि व्हेनेझुएला येथून आलेले लोक बेसबॉलवेडे आहेत आणि मेजर लीगचे कितीतरी मोठे खेळाडू त्यांनीच दिले. स्थलांतरित आपला खेळ सोबत आणतो, एवढेच निश्चित म्हणता येते. जून २०२४ मध्ये टी-२० विश्वचषकात अमेरिकेने पाकिस्तानला हरवले, तेव्हा सुपर ओव्हर टाकली ती मुंबईत घडलेल्या सौरभ नेत्रावळकरने, ही त्याच प्रक्रियेची आपल्या जवळची साक्ष आहे.

फुटबॉलचा दुसरा झरा उपनगरांत फुटला. १९६४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या टॉरन्समध्ये अमेरिकन युथ सॉकर ऑर्गनायझेशन सुरू झाली. आलेल्या प्रत्येक मुलाला खेळायला मिळालेच पाहिजे, हे तिचे तत्त्व. १९७२ च्या ‘टायटल नाइन’ कायद्याने सरकारी मदत घेणाऱ्या शिक्षणसंस्थांत लिंगभेदाला बंदी केली आणि मुलींच्या संघांसाठी महाविद्यालयांना मैदाने, प्रशिक्षक आणि शिष्यवृत्त्या द्याव्या लागल्या. बेसबॉलने मुलींना सॉफ्टबॉलकडे वळवले होते. फुटबॉलने तोच खेळ त्यांच्या हवाली केला. अमेरिकेच्या महिला संघाने १९९१, १९९९, २०१५ आणि २०१९ असे चार विश्वचषक जिंकले. १९९९ चा अंतिम सामना पासाडिनाच्या रोझ बोलमध्ये ९० हजारांहून अधिक लोकांनी पाहिला. अमेरिकेतला फुटबॉल मुली आणि त्यांच्या आयांनी मोठा केला, असे मी ठामपणे म्हणेन. पुरुषांच्या लीगवरच नजर ठेवणारे विश्लेषण अर्धा विषयच सोडून देते.

१९९४ या वर्षाकडे अभ्यासकाने थांबून पाहावे. १७ जुलैला त्याच रोझ बोलमध्ये पुरुषांच्या विश्वचषकाचा अंतिम सामना झाला. त्या स्पर्धेला एकूण ३५ लाखांहून अधिक प्रेक्षक लाभले. महिनाही लोटला नाही, तोच १२ ऑगस्टला बेसबॉलपटूंचा संप सुरू झाला आणि १९०४ नंतर प्रथमच वर्ल्ड सिरीज झाली नाही. विश्वचषकाच्या यजमानपदाची अट म्हणून कबूल केलेली मेजर लीग सॉकर १९९६ मध्ये दहा संघांनी सुरू झाली. आज तिच्यात तीस संघ आहेत. बेसबॉलने १९९८ च्या होमरनच्या, म्हणजे चेंडू थेट मैदानाबाहेर टोलवण्याच्या, शर्यतीने रुसलेले प्रेक्षक परत आणले, पण २००७ च्या मिशेल अहवालाने उत्तेजक द्रव्यांचा वापर उघड करून त्या आनंदावर पाणी फिरवले.

खेळाच्या आत काय बदलले, तेही तपासले पाहिजे. मायकेल लुईस यांच्या ‘मनीबॉल’ने २००३ मध्ये लोकप्रिय केलेल्या संख्याशास्त्रीय डावपेचांनी संघ शहाणे झाले आणि खेळ संथ झाला. होमरन, स्ट्राइकआउट (चेंडू न टोलवताच फलंदाज बाद होणे) आणि वॉक (चेंडू न टोलवताच पहिला तळ मिळणे) यांचे प्रमाण वाढले. धावाधाव व क्षेत्ररक्षणाचा थरार आटला. २०१८ च्या हंगामात प्रथमच हिट्सपेक्षा स्ट्राइकआउट जास्त झाले. २०२१ मध्ये नऊ डावांचा सामना सरासरी तीन तास दहा मिनिटे चालला. २०२३ मध्ये पिचरला चेंडू टाकण्यासाठी घड्याळाची मर्यादा आली आणि सामना दोन तास चाळीस मिनिटांवर आला. त्या वर्षी प्रेक्षकही वाढले. या सुधारणेने सिद्ध केले की घट ही नियती नव्हती, चालकांनी ती बराच काळ होऊ दिली. फुटबॉलला ही अडचण कधी नव्हतीच: पंचेचाळीस मिनिटांचे दोन भाग, खेळ चालू असताना जाहिरातीला जागा नाही, आणि २०१३ पासून एनबीसी वाहिनीवर शनिवार-रविवारी सकाळी इंग्लिश प्रीमियर लीगचे सामने. मुलांनी युरोपातले संघ आधी व्हिडिओ गेममध्ये ओळखले, मग पडद्यावर पाहिले. २०१६ च्या प्रेक्षकसंख्येवर आधारलेल्या एका पाहणीत दूरचित्रवाणीवर बेसबॉल पाहणाऱ्याचे मध्यक वय ५७ आणि मेजर लीग सॉकर पाहणाऱ्याचे ४० निघाले. पुढच्या तीस वर्षांविषयी हा फरक बरेच सांगून जातो.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने स्टेफान झिमान्स्की आणि अँड्र्यू झिम्बालिस्ट यांचे ‘नॅशनल पास्टाइम’ वाचावे. बेसबॉलने मालकांची बंदिस्त लीग घडवली, तर फुटबॉल जगभर बढती-पदावनतीच्या खुल्या रचनेत वाढला, हा त्यांच्या तुलनेचा एक मुख्य धागा आहे. गंमत अशी की मेजर लीग सॉकरनेही बेसबॉलचाच बंदिस्त नमुना उचलला. मुलांच्या फुटबॉलमध्येही आता भरमसाट फीची तीच व्यवस्था मुरली आहे. बेसबॉलला जिने गरीब मुलांपासून तोडले, ती चूक फुटबॉल करत असेल, तर त्याचाही बहर कायमचा समजू नये. २०२३ मध्ये लिओनेल मेस्सीचे मायामीत येणे आणि २०२६ च्या विश्वचषकाचे यजमानपद यांनी प्रकाशझोत वाढतो. पाया मात्र गल्लीतल्या मैदानावरच भरला जातो.

या साऱ्यातून माझे म्हणणे एवढेच आहे की लोकप्रियता खेळाच्या नियमांत दडलेली नसते. खेळ पुढच्या पिढीच्या हाती देण्याची एक व्यवस्था असते आणि ती चालती ठेवावी लागते. मूल त्या खेळाला कुठे, कोणासोबत, किती पैशांत आणि किती वाजता भेटते, यावर त्याचा चाहता होणे ठरते. बेसबॉलच्या ताब्यात ही व्यवस्था शंभर वर्षे होती आणि त्याने ती गृहीत धरली. फुटबॉलने ती कायदा, कुटुंब आणि स्थलांतर यांच्या आधाराने नव्याने उभी केली.

आता हीच दृष्टी घेऊन आपल्याकडे पाहावे, अशी विनंती. कोल्हापुरात पाटाकडील, दिलबहार, खंडोबा या तालमींच्या नावाने आज फुटबॉलचे संघ शाहू स्टेडियमवर उतरतात आणि पेठा त्यांच्यामागे उभ्या राहतात. कुस्तीच्या आखाड्यांनी फुटबॉल कसा आपलासा केला, तेव्हा शाळांत काय चालले होते, खर्च कोणी उचलला, मुलींना त्यात जागा किती मिळाली? खो-खो, कबड्डी, मल्लखांब यांच्याविषयीही हेच प्रश्न उभे राहतात. तालमींची दप्तरे, जुनी वृत्तपत्रे आणि वयोवृद्ध खेळाडूंच्या आठवणी अजून हाताशी आहेत. तरुण अभ्यासकांनी यांतला एक खेळ, एक गाव आणि एक पिढी निवडावी आणि कामाला लागावे.