सर्व्हरचे आपत्कालीन दूरनियंत्रण

सर्व्हरची परिचालन प्रणाली बंद पडली किंवा त्याचा नेहमीचा जालसंपर्क तुटला, तरी दूर अंतरावरून त्याचा ताबा घेता यावा यासाठी केलेली स्वतंत्र व्यवस्था. नित्याच्या दूरप्रवेशात सर्व्हरवरील आज्ञावलीच प्रचालकाला आत घेते. तीच निकामी झाल्यास आज्ञा देण्याचा मार्ग उरत नाही. म्हणून ही व्यवस्था मुख्य यंत्राहून वेगळी असावी लागते. ती कितपत वेगळी ठेवावयाची आणि तिची किल्ली कोणाच्या हाती द्यावयाची, या दोन प्रश्नांभोवतीच तिचा इतिहास फिरत आला आहे.

प्रारंभीच्या संगणकांचे नियंत्रण यंत्राशेजारील फलकावरून व पुढे टेलिटाइपवरून होई. आरएस-२३२ हे जोडणीचे मानक १९६० मध्ये ठरले. मोडेम लावला, की हीच जोडणी दूरध्वनीच्या तारेवरून लांबविता येई. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनच्या व्हॅक्स-११/७८० (१९७७) या संगणकात मुख्य संस्कारकाखेरीज एलएसआय-११ हा छोटा संगणक केवळ नियंत्रणासाठी बसविलेला होता. मुख्य यंत्र थांबविणे, पुन्हा सुरू करणे, त्याची स्मृती तपासणे ही कामे त्याच्यामार्फत होत व कंपनीचे तंत्रज्ञ दुरूनही बिघाडाचे निदान करू शकत. मात्र फलकावरील किल्ली ‘दूरस्थ’ या स्थानी फिरविल्यावाचून बाहेरच्यास प्रवेश मिळत नसे. हा साधा बंदोबस्त पुढील काळातील कित्येक गुंतागुंतीच्या उपायांहून अधिक समंजस होता, असे म्हणावे लागते.

वैयक्तिक संगणकांच्या घडणीतून निर्माण झालेल्या स्वस्त सर्व्हरांत अशी मूळची सोय नव्हती. पडदा व कळफलक घेऊन माणसालाच यंत्रापाशी जावे लागे. १९९८ मध्ये इंटेल, डेल, ह्यूलेट-पॅकार्ड व एनईसी या कंपन्यांनी आयपीएमआय हे सामाईक मानक प्रसिद्ध केले. त्यानुसार मुख्य मंडलफलकावर एक लहान नियंत्रक बसविला जातो. सर्व्हर बंद असतानाही तो राखीव विद्युत् पुरवठ्यावर जागा राहतो, तापमान व पंख्यांची गती मोजतो आणि आज्ञा मिळताच वीज तोडतो वा जोडतो. मानकाच्या २००१ च्या आवृत्तीत त्याला जाळ्यावरून आज्ञा देण्याची सोय झाली. २००४ च्या आवृत्तीत कन्सोलवरील मजकूर जाळ्यावरून पाठविण्याची व सांकेतिकीकरणाची भर पडली.

येथेच किल्ली फलकावरून निघून परवलीच्या शब्दात गेली. एक केबल वाचावी म्हणून पुष्कळ ठिकाणी नियंत्रक व सर्व्हर यांना एकच जालद्वार देण्यात आले, त्यामुळे अनेक नियंत्रक थेट इंटरनेटवर उघडे पडले. २००४ च्या आवृत्तीतील प्रवेशपद्धतीत मोठा दोष होता. विचारणाऱ्याची ओळख पटण्यापूर्वीच नियंत्रक परवलीच्या शब्दावरून काढलेली सांकेतिक खूण त्याच्या हाती देई. मग तो आपल्या यंत्रावर निवांतपणे शब्द ताडून पाहू शके. या व अशा इतर दोषांविषयी २०१३ मध्ये जाहीर इशारे देण्यात आले. २०१७ मध्ये ह्यूलेट-पॅकार्डच्या आयएलओ-४ नियंत्रकात त्याहून विलक्षण दोष सापडला : विनंतीतील एका ठरावीक जागी ‘ए’ हे अक्षर २९ वेळा लिहिले, की परवलीचा शब्द न देताच प्रवेश मिळे. रेडफिश हे नवे मानक २०१५ मध्ये आले, तरी जुन्या मानकावरील यंत्रे त्यानंतरही वापरात राहिली.

दुसरा प्रश्न वेगळेपणाचा. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी देखभालीच्या वेळी दिलेल्या एका आज्ञेने फेसबुकचे आधारजाळे तुटले. आपत्कालीन जाळेही त्या वेळी चालेना, म्हणून अभियंत्यांना प्रत्यक्ष सर्व्हर-केंद्रांत पाठवावे लागले. सेवा सुमारे सहा तास बंद होती. ८ जुलै २०२२ रोजी कॅनडातील रॉजर्स या दूरसंचार कंपनीचे जाळे कोसळले. १ कोटी २० लाखांहून अधिक ग्राहकांची सेवा खंडित झाली आणि आपत्कालीन दूरध्वनीही अनेकांना लागेना. दुरुस्तीसाठी राखलेले व्यवस्थापन-जाळे मुख्य जाळ्यावरच अवलंबून असल्याने अभियंत्यांना आपल्याच यंत्रांपर्यंत पोहोचता येईना. त्यानंतर कंपनीने ही दोन जाळी एकमेकांपासून विलग करण्याचे काम हाती घेतले.